इतवारीतल्या कवड्या: कवच पाहून समुद्र ओळखता येतो का?

शुभदा_रामटेक (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

लक्ष्मीपूजनासाठी नागपूरच्या इतवारी बाजारातून कवड्या आणल्या. चांगल्या पाव किलो घेतल्या, कारण निम्म्या शाळेत न्यायच्या आहेत. आठवीला मृदुकाय प्राणी शिकवते मी. आपल्याकडच्या मुलांनी समुद्रातली गोगलगाय फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेली असते, निदान तिचं कवच तरी हातात यावं असं वाटलं.

घरी ताटात पसरून भिंगातून बघायला बसले तर त्या सगळ्या एका जातीच्या नाहीत. बहुतेक पिवळट पांढऱ्या, कडेला चार-पाच उंचवटे असलेल्या, त्यामुळे आकार वाकडातिकडा. काही अगदी गुळगुळीत अंडाकृती, पाठीवर नारिंगी कडं आणि कड्याच्या आत निळसर राखाडी रंग. दोन तपकिरी निघाल्या, अंगभर पांढरे ठिपके आणि काही ठिपक्यांच्या मधोमध काळा बिंदू. आणि एक अगदीच वेगळी: कवच पातळ, तोंड रुंद, तोंडाच्या काठावर दात नाहीत, मागच्या टोकाला शंखासारखा पीळ.

प्रश्न दोन. पहिल्या प्रकारात एक सेंटिमीटरचीही आहे आणि तीन सेंटिमीटरचीही. लहान आहेत त्या पिल्लं का? आणि दुसरा प्रश्न मुलं हमखास विचारणार: या कुठल्या समुद्रातल्या? एक दुकानदार म्हणतो रामेश्वरम्, पलीकडचा म्हणतो गुजरात. माझं मत असं की कवचावर इतक्या खुणा असतात, तर त्यावरून ठिकाण सांगता यायला हवं. जाणकारांनी लिहावं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, पाव किलो कवड्या! यंदा लक्ष्मी बाकी नागपूर सोडून थेट रामटेकलेच उतरते पाहा.

संत्राबर्फी

गर्द पिवळ्या असतील तर आधी ओल्या फडक्याने पुसून बघा. "पिवळी कवडी" म्हणून जास्त पैसे घेऊन विकतात, त्यातल्या कितीतरी रंगवलेल्या असतात. माझ्या वाटीतल्या पाण्याला हळदीचा रंग आला होता.

देवरुखकर

त्यात काय ओळखायचं? आमच्या कोकणातल्याच असणार. रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कातळावर, खडपात कवड्या सापडतात. लहानपणी ओहोटीला आम्ही वेचायचो. मुंबईच्या घाऊक बाजारातून नागपूरला जात असतील.

सागरगोटी

शुभदाताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी मूळची नागपूरच्या धरमपेठेतली, आता दक्षिणेत समुद्री जीवांवरच काम करते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिला प्रश्न. लहान कवडी म्हणजे पिल्लू नाही. तुमची ती बिनदाताची, पातळ, पिळाची कवडी आहे ना, तेच पिल्लू. कवडीचं बालपण साध्या गोगलगायीसारखं जातं: कवच पातळ, तोंड मोकळं, टोकाला पीळ दिसतो. मोठी होताना शेवटचा वेढा आधीच्या सगळ्या वेढ्यांना पोटात घेतो, बाहेरचा ओठ आत वळतो, तोंडाची अरुंद फट होते आणि दोन्ही काठांवर दात उमटतात. ते झालं की कवडीची लांबी वाढणं थांबतं. पुढे फक्त थरावर थर चढून कवच जाड होतं. म्हणून एक सेंटिमीटरची दात असलेली कवडी पूर्ण वाढलेली आणि तीन सेंटिमीटरचीही पूर्ण वाढलेली. कोण कुठल्या आकाराला थांबेल ते जागेवर, पाण्यावर, खाण्यावर ठरतं. मोठी ठिपकेदार टायग्रिस कवडी एरवी आठ-नऊ सेंटिमीटरची, पण हवाई बेटांवर तीच पंधराच्या आसपास जाते.

आता जाती. उंचवट्यांची ती मोनेटारिया मोनेटा. शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली तिला नाव दिलं, कारण ती पैसा म्हणून चालायची; लॅटिनमध्ये मोनेटा म्हणजे नाणं. नारिंगी कड्याची ती मोनेटारिया ॲन्युलस. काळ्या बिंदूंच्या ठिपक्यांची बहुधा नारिया ओसेलाटा. तिघीही सायप्रिडी कुळातल्या. आज जगात या कुळाच्या अडीचशेच्या आसपास जाती आहेत, बहुतेक उष्ण समुद्रांतल्या, आणि त्यातही हिंदी-प्रशांत पट्ट्यात सर्वांत जास्त. अटलांटिक आणि भूमध्य समुद्राच्या वाट्याला मोजक्याच आल्या.

देवरुखकर दादा, ओसेलाटा तुमच्याकडची असू शकते. ती ओमान-इराणच्या बाजूपासून भारत-श्रीलंकेपर्यंतची. कोकणात अरेबिका कवडीही मिळते, पाठीवर अक्षरं गिरवल्यासारख्या रेघा असतात ती. पण मोनेटा ढिगाने मिळते ती प्रवाळांच्या उथळ पाण्यात: लक्षद्वीप, मालदीव, अंदमान, मन्नारचं आखात. आपला कोकण किनारा गाळाच्या नद्यांचा. इतवारीत पोत्याने येणारी मोनेटा तिथली नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उद्या लिहिते. ते जास्त मजेशीर आहे.

देवरुखकर

रेघावाली आमच्या घरी आहे, आजीच्या देव्हाऱ्यात! बाकी पोत्याने मिळतात असं मी म्हणालोच नव्हतो. पण मान्य, आम्ही वेचायचो त्यात वाकडीतिकडी पिवळी क्वचितच असायची.

महालातला_मुसाफिर

सागरगोटींचा दुसरा भाग येईपर्यंत नागपूरचा कवड्यांशी असलेला संबंध सांगतो. फार कमी लोकांना माहीत आहे.

१७५१ च्या तहात बंगालचा नवाब अलिवर्दीखानाने ओडिशा रघूजी भोसल्यांच्या ताब्यात दिला. तेव्हापासून १८०३ पर्यंत कटकचा कारभार नागपूरकर भोसल्यांचा. आणि त्या मुलखात रोजचं चलन होतं कवडी. शेतसारासुद्धा कवड्यांत. हिशेब असा: चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहाण. म्हणजे काहाणाला १२८० कवड्या. पुढे इंग्रजांनी रुपयाला चार काहाण हा भाव धरला, म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या. एक कवडी सव्वा ग्रॅमची धरली तर रुपयाचं वजन सहा किलोच्या वर!

ही कवडी ओडिशाच्या किनाऱ्यावरची नव्हे, ती यायची मालदीवहून. बालेश्वर बंदरात मालदीवची जहाजं कवड्या उतरवायची आणि तांदूळ भरून न्यायची. हा व्यवहार जुना. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी मालदीवला राहिला, त्याने लिहून ठेवलंय की बेटांवरचे लोक बंगालला कवड्या देऊन तांदूळ घेतात आणि सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या पडतात, स्वस्ताई असली तर बारा लाखांपर्यंत.

डिसेंबर १८०३ मध्ये देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजींनी कटक सोडलं. इंग्रजांनी सारा चांदीत मागायला सुरुवात केली. रयतेकडे कवड्या, सरकारला हवी चांदी, आणि बाजारात रुपयासाठी ठरलेल्या भावापेक्षा कितीतरी जास्त कवड्या मोजाव्या लागायच्या. १८१७ च्या ओडिशातल्या पाईक शिपायांच्या उठावामागे जी कारणं होती त्यात हे एक ठळक कारण. ज्या गोगलगायीचं कवच आपण पूजेत ठेवतो, तिच्या भावावरून माणसं जमिनीला मुकली. हे शाळेत नक्की सांगा, ताई. भूगोल, विज्ञान, इतिहास एका मुठीत येतो.

वऱ्हाडी_ठेचा

म्हंजे फुटकी कवडी देणार नाही म्हणणाऱ्याचा सहा किलोचा रुपया वाचत होता होय!

शुभदा_रामटेक

मुसाफिर काका, हे तर सोन्यासारखं सापडलं. वर्गात नक्की सांगते. सागरगोटी ताई, वाट बघतेय.

अश्मयात्री

समुद्र शोधायला इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या नागपुरातल्याच टाकळीच्या थरांत गोगलगायींची जीवाश्म कवचं मिळाली आहेत हे नागपूरच्या भूगर्भशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं. स्टीफन हिस्लॉप आणि हंटर या मिशनऱ्यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अभ्यासली. हिस्लॉप म्हणजे आपल्या हिस्लॉप कॉलेजचे. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात ते वाहून गेले.

फुटाळा_फिरस्ता

मग टाकळीला समुद्र होता? फुटाळा तलावाच्या चौपाटीला आता खरा मान मिळाला!

अश्मयात्री

नाही, आणि तिथेच तर कवच वाचायचं कसब आहे. टाकळीतलं सर्वांत नावाजलेलं कवच फायसाचं. ते पातळ आहे आणि डावीकडे वळतं. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं तर तोंड डाव्या हाताला येतं. फायसा गोड्या पाण्यातली. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या काळात इथे तळी साचायची, त्यात या गोगलगायी राहायच्या. म्हणजे टाकळीत तळं होतं, समुद्र नव्हे.

खाऱ्या पाण्याचा पुरावा हवा असेल तर छिंदवाड्याकडच्या झिलमिलीला जावं लागतं. तिथल्या आंतर-लाव्हा थरांत तरंगत्या समुद्री सूक्ष्मजीवांची कवचं मिळाली, ते संशोधन २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. नागपूरपासून फार लांब नाही.

सागरगोटी

अश्मयात्री, झिलमिलीचा उल्लेख केलात, छान वाटलं.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. कवच पाहून समुद्र ओळखता येतो का? कधी येतो, कधी अजिबात नाही. आणि हे कवचावरच्या खुणा किती आहेत यावर ठरत नाही, तर पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्यावर काय करतं यावर ठरतं.

मोनेटाची मादी अंड्यांवर बसून राखण करते, पण त्यातून निघते ती पोहणारी सूक्ष्म अळी. ती प्रवाहांबरोबर आठवडेच्या आठवडे वाहत जाते. त्यामुळे मोनेटा लाल समुद्र आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून हवाईपर्यंत आहे, पार गालापागोसकडच्या बेटांवरही सापडली आहे. ॲन्युलसचं राज्यही असंच पसरलेलं. अशा जातीची कवडी हातात घेऊन ही रामेश्वरची की झांजिबारची असं कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका. जात ओळखता येईल, गाव नाही.

उलट ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण-पश्चिम बाजूच्या झोइला कवड्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या सायप्रिओव्हुला. त्यांच्या अंड्यांतून थेट सरपटणारं पिल्लू निघतं. पोहणारी अवस्थाच नाही. त्यामुळे त्या जिथे जन्मल्या त्याच किनाऱ्याला धरून राहिल्या, आणि थोड्या थोड्या अंतरावर त्यांचे रंग-आकार बदलत गेले. झोइला हातात आली की समुद्र तर कळतोच, पण जाणकार माणूस किनाऱ्याचा तुकडासुद्धा सांगतो.

तुमची ओसेलाटा या दोन्हींच्या मधे बसते. अरबी समुद्र आणि त्याला लागून असलेला टापू, इतकं नक्की. म्हणजे तुमच्या ताटात ठिकाण सांगणाऱ्या कवड्या दोनच, आणि त्या सर्वांत कमी संख्येच्या.

महालातला_मुसाफिर

जबरदस्त. यात एक भर. कवड्या मोजून चालायच्या, तोलून नाही. त्यामुळे व्यापाऱ्याला लहान कवडी हवी असायची, तितक्याच जहाजात जास्त नग मावायचे. मालदीवच्या मोनेटा लहान, म्हणून त्यांना मागणी. पुढे १८४५ च्या सुमारास हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांनी झांजिबारच्या मोठ्या ॲन्युलस पश्चिम आफ्रिकेत जहाजं भरून ओतल्या आणि तिथल्या कवडीचा भाव कोसळला. आता कळलं, लहान म्हणजे कोवळी नव्हे.

फुटाळा_फिरस्ता

विषय निघालाच आहे तर माझं दुखणं मांडतो. वडिलांसाठी दक्षिणावर्ती शंख घेतला. एका दुकानदाराने रामेश्वरचा दुर्मिळ शंख म्हणून भरमसाट पैसे घेतले, वर प्रमाणपत्रही दिलं. फिकट रंग, उभ्या तपकिरी रेषा, मागे टोकाला खांद्यावर बारीक गाठी. वडील रोज पूजा करतात. मला आता शंका येते. फोटो कसा चढवायचा ते जमेना, म्हणून वर्णन लिहिलं.

सागरगोटी

भाऊ, फोटोची गरज नाही. तोंडातून आत बोट घाला, मधल्या खांबावर तीन-चार आडव्या घड्या लागतात का बघा. आपला पूजेचा शंख टर्बिनेला पायरम. त्याच्या खांबावर त्या ठळक घड्या असतातच, शंख उजवा असो की डावा.

फुटाळा_फिरस्ता

आताच पाहिलं. खांब गुळगुळीत आहे. एकही घडी नाही.

सागरगोटी

मग तो अमेरिकेचा आहे. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला सिनिस्ट्रोफल्गर नावाची गोगलगाय राहते. तपकिरी उभ्या रेषा, खांद्यावर गाठी, तुम्ही लिहिलंय तसंच. ती जन्मजात डावीकडेच वळते. तिथे प्रत्येक कवच असंच, दुर्मिळ काहीही नाही. आपल्या शंखांत तसा उलटा वळलेला, ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणतो तो, अत्यंत विरळा, म्हणून त्याला किंमत. त्याच जागी हा परका शंख खपवतात.

यातही तोच नियम बघा. टर्बिनेलाची पिल्लं अंड्याच्या कोशातून सरपटत बाहेर येतात, त्यामुळे तो मन्नारचं आखात, पाल्कची सामुद्रधुनी, श्रीलंका, कच्छचं आखात अशा आपल्याच परिसरात राहिला. म्हणून टर्बिनेला पायरम ओळखला की तो आपल्या परिसरातला, हे ठामपणे सांगता येतं.

फुटाळा_फिरस्ता

धन्यवाद ताई. पैशांचं वाईट वाटलं, पण वडिलांना काय सांगू?

संत्राबर्फी

खरं सांगा दादा. पूजा त्यांच्या श्रद्धेची आहे, ती शंखाच्या दरावर अवलंबून नाही. पण प्रमाणपत्र जपून ठेवा आणि ग्राहक आयोगाकडे तक्रार करा. दुसरं कुणी फसू नये.

आराध्याची_लेक

आमच्या घरी तुळजाभवानीची आराधना आहे. गळ्यात कवड्यांची माळ, परडीला कवड्या. बंजारा बायांच्या पोशाखावरही पाहते. दोरा ओवायला पाठ घासून भोक पाडलेल्या असतात. माझा प्रश्न वेगळा आहे. काही माळांच्या कवड्या आरशासारख्या चमकतात, काही मिठासारख्या कोरड्या. फरक कशाचा?

सागरगोटी

चमक त्या जिवाची असते. जिवंत कवडी रात्री खडकाखालून बाहेर पडली की तिचं मांसल आवरण दोन्ही बाजूंनी वर येऊन कवच पूर्ण झाकतं. पाठीवर एक पुसट रेघ दिसते बघा, तिथे ती दोन टोकं भेटतात. हेच आवरण सतत नवा थर चढवतं आणि कवचाला ओरखडा पडू देत नाही. जीव गेला, कवच वाळूत घासलं, उन्हात पडलं की चमक उडते.

म्हणजे बाजारातली लख्ख कवडी बहुधा जिवंत असताना उचललेली असते. मालदीवला पूर्वी नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात तरंगत ठेवायचे, कवड्या त्यांना चिकटायच्या, मग वाळूत पुरून मांस सडू द्यायचे. मला माळ नको असं म्हणायचं नाही, तुमची माळ आईकडून आलेली असेल तर तीच पुढे लेकीला द्या. पण दरवर्षी नव्या चकचकीत कवड्या घ्यायची गरज नाही, इतकं मी कळकळीने सांगेन. टाल्पा, मॅपा, लिमासिना या कवड्या तर २००१ सालीच वन्यजीव कायद्याच्या यादीत आल्या आहेत. त्या शोभेच्या दुकानात दिसल्या तरी घेऊ नका.

आराध्याची_लेक

माझी माळ आजीची आहे. आता तिलाच नवीन दोरा घालते.

वऱ्हाडी_ठेचा

अष्टा-चंगा खेळाले घासलेल्या पाठीच्या कवड्या घेऊ नका बरं. त्या पाठीवरच बसतात, मंग सारखा चंगाच पडते. लहानपणी आमचा मामा अशाच घेऊन बसे अन् आमाले काई समजे नाई.

शुभदा_रामटेक

काल वर्ग झाला. कवड्या वाटल्या आणि काहीच न सांगता विचारलं, यातली लहान मुलगी कोण आणि मोठी बाई कोण. सगळ्यांनी आकारावरून सांगितलं. मग दात बघायला लावले. बिनदाताची कवडी हातोहात फिरली, एका मुलाने तिचा पीळ वहीत इतका सुंदर काढला की तो भिंतीवर लावलाय. "मग या कुठल्या समुद्रातल्या?" हा प्रश्न अपेक्षेप्रमाणे आलाच. फळ्यावर नकाशा काढून मोनेटाचा पट्टा आफ्रिकेपासून रंगवत नेला आणि खडू पॅसिफिकपर्यंत गेला तेव्हा मुलं अवाक. ओसेलाटाचा पट्टा वीतभर. का, ते त्यांनी स्वतः शोधायचंय, गृहपाठ दिलाय.

ताई, एक विचारायचं राहिलं. या कवड्या शाळेच्या कपाटात ठेवायच्या तर चिठ्ठीवर काय लिहू? आणि एका मुलाच्या आईने घरून एक मोठी पांढरीशुभ्र कवडी पाठवलीय, अंड्याएवढी. ती कुठली जात?

सागरगोटी

चिठ्ठीवर जातीचं नाव, आणि ठिकाणाच्या जागी "इतवारी बाजार, नागपूर" आणि विकत घेतल्याची तारीख. रामेश्वरम् लिहू नका. पिल्लाची चिठ्ठी वेगळी करा, ते कवच नाजूक असतं, कापसात ठेवा. लिंबू किंवा व्हिनेगर लावून साफ करायचा मोह टाळा, कवच चुन्याचं आहे, चमक कायमची जाईल.

पांढरीचे दात मोजायला सांगा मुलांना. दोन्ही काठांवर आहेत की फक्त बाहेरच्या ओठावर?

शुभदा_रामटेक

फक्त बाहेरच्या ओठावर, तेही ओबडधोबड. आतला काठ गुळगुळीत.

सागरगोटी

मग ती ओव्हुला ओव्हम. कवडीची चुलत बहीण म्हणा, कूळ वेगळं. मऊ प्रवाळ खाते, आणि कवच इतकं पांढरं असून जिवंतपणी त्यावर चढणारं आवरण काळंभोर असतं. हिचाही पट्टा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंतचा, त्यामुळे ठिकाणाच्या रकान्यात त्या आईंना विचारून ती घरात कशी आली तेवढंच लिहा.